एप्रनमधला फोटो

पहिल्या रोलमध्ये ओकादासानच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगा उमटल्या. फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, कोमट होता आणि नंतर फिल्म मी धुतली थेट नळाखाली. जपानमधल्या सेंदाईच्या जानेवारीत नळातून जवळजवळ बर्फच येतो. फिल्मवरचा मऊ थर, म्हणजे इमल्शन, एकदम आकसला आणि सुरकुतला. असा राग आला स्वतःचा!

ओकादासान आमच्या शेजारी, एकट्या राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना स्वतःच्या अंत्यविधीत ठेवायला फोटो हवा होता. यजमान गेले तेव्हा मुलाने सहलीच्या फोटोतला चेहरा कापून कॉम्प्युटरवर त्याखाली सूट चिकटवला. "जन्मभर मासे विकले त्यांनी. सूट कोणाचा होता देव जाणे," त्या सांगायच्या. त्यांना स्वतःचा फोटो रोजच्या एप्रनमध्ये हवा होता, तोही यजमानांच्या जुन्या कॅमेऱ्याने काढलेला. मी आपली घरी फिल्म धुणारी हौशी बाई, पण त्यांनी मलाच गाठलं.

बिघडलेला फोटो मी त्यांना नेऊन दाखवला.

"वय झालंय माझं, पण इतकं नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. मी दुसरा रोल काढला. रविवारी मुलगा त्यांना कायमचं कोबेला नेणार होता. हा रोल गेला असता तर पुन्हा संधी नव्हती.

शनिवारी मी हट्टालाच पेटले. रसायनांच्या बाटल्या आणि पाण्याने भरलेल्या बादल्या सकाळपासून एकाच खोलीत ठेवल्या, म्हणजे सगळ्यांचं तापमान एक व्हावं.

"चोवीस तास पाणी येणाऱ्या देशात बादल्या भरणारी तू एकटीच," माझा नवरा अंबरीष म्हणाला.

"असू दे. दुधाने तोंड पोळलंय माझं."

डेव्हलपर झाला, फिक्सर झाला. धुता धुता शेवटची बादली संपली आणि फिल्म अजून पुरती धुऊन झाली नव्हती. अंबरीषने मदतीला म्हणून नळ सोडला. मी त्याचं मनगट धरलं.

"नको. गरम पाणी मिसळ आधी. थर्मामीटर बाटलीत दाखवतो तेवढंच हवं."

"एक-दोन डिग्रीने काय होतंय?"

"त्यांच्या तोंडावर भेगा पडतात."

तो पाणी मिसळत बसला. थेंबांचे डाग पडू नयेत म्हणून फिल्म शेवटी डाग न पडण्याच्या औषधात बुडवली आणि बाथरूममध्ये टांगली. ओल्या इमल्शनला नख लागलं तरी ओरखडा उठतो, म्हणून हात पाठीमागे बांधून उभी राहिले. अंबरीषला अंघोळ करायची होती. त्याला सरळ सार्वजनिक स्नानगृहाची वाट दाखवली.

फिल्म सुकल्यावर उजेडात धरली. भेग नाही, डाग नाही. ओकादासान स्वच्छ हसत होत्या. ओरडावंसं वाटलं, पण इथल्या भिंती पातळ.

रविवारी निगेटिव्ह स्कॅन करून कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, प्रिंट काढली आणि शेजारी गेले. मुलगा खोकी बांधत होता. त्याने फोटो पाहिला.

"चला आई, एक काळजी मिटली."

ओकादासाननी फोटो त्याच्या हातातून घेतला.

"पाच वर्षांनी मी अशी दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "मग हाही खोटाच ठरेल." त्यांनी यजमानांचा कॅमेरा माझ्या हातात दिला. "चित्रासान, तेव्हा कोबेला यायचं. एप्रन मी धुऊन ठेवते."

मुलगा हातातली दोरी तशीच धरून उभा राहिला. येईन म्हणायचं होतं मला, पण रडूच आलं.