डाव्या हाताचा चुडा

"वन्सं, ह्या हातात नको," गौराबाईने डावा हात पदराखाली घेतला. "डायलिसिसची शीर हाय. डाक्टरनी बांगडी घालू नको म्हणून सांगितलंय."

कशेळ्याच्या त्या घरात कासार बसला होता. परवा गौराबाईच्या सुरभीचं लग्न, म्हणून घरातल्या झाडून साऱ्या सवाष्णी हिरवा चुडा भरत होत्या. नवरीच्या आईचाच एक हात मोकळा राहावा, हे थोरल्या नणंदेला, धोंडूबाईला, कसं रुचावं?

"भाऊ माझा जिता हाय ना गं? मंग हा हात रिकामा कुनासाठी ठेवतेस?"

तो भाऊ, सदू, दारातच उभा होता. बहिणीपुढे तो जन्मात कधी बोलला नव्हता. गौराबाईलाही वाद घालायचा कंटाळा आला. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिला साऱ्याचाच कंटाळा येई. मोजकं पाणी, अळणी कालवण आणि दिवसाआड कर्जतला जाऊन यंत्रातून रक्त धुऊन आणायचं. यंत्राच्या सुया टोचायला मनगटाशी ऑपरेशनने जोडलेल्या शिरेवर बोट ठेवलं की आत रक्त घरघरायचं. ती घरघर थांबली की हात कामातून गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने हात पुढे केला.

कासाराने सुजरा हात दाबून दाबून बांगड्या चढवल्या.

"आता कशी शोभतेस!" धोंडूबाई म्हणाली. तिला अगदी मनापासून आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस सेंटरमध्ये नर्स हर्षलाने बांगड्या घाईघाईने उतरवल्या. शिरेवर बोट ठेवलं, मग स्टेथोस्कोप लावला.

"मावशी, शीर बंद पडलीय. काचलीय हो. किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!"

डॉक्टरांनी पाहिलं, पण आत रक्त गोठलं होतं. शेवटी मानेत नळी घालून यंत्र जोडलं. दुसऱ्या हाताच्या शिरा बारीक, तिथे जमेलच असं नाही, असंही ते सांगून गेले. गौराबाईला रडू आलं नाही. आपल्याला भीतीसुद्धा वाटत नाही, याचंच तिला जरा नवल वाटलं.

"हर्षला, मंग ह्या हातात आता बांगड्या चालतील का गं?"

हर्षलाने यंत्रावरचे आकडे वहीत उतरवले. "चालतील, मावशी."

लग्नाच्या मांडवात गौराबाईने मानेवरची पट्टी पदराने झाकली होती. दोन्ही हात मनगटापासून हिरवेगार होते. येणारी प्रत्येक बाई आधी तिलाच हळदकुंकू लावत होती आणि ती निमूटपणे कपाळ पुढे करत होती.