सोंगाडं

"पान बघू नको गं हिरे, पान खोटं बोलतं. सांधा बघ."

आईचं हे बोलणं हिरीबाईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली. आईनं भाताचं एक पान वाकवून दाखवलं. पान जिथं देठाला बिलगतं तिथं नखाएवढा पांढरा पापुद्रा. भाताला तो असतो, गवताला नसतो. बाकी तोच हिरवा, तीच उंची, वाऱ्यावर तेच डुलणं. म्हणून पाड्यावरच्या बायका त्या गवताला सोंगाडं म्हणायच्या.

आता हिरीबाईची पासष्टी उलटली होती, आणि गेल्या पावसाळ्यापासून तो पापुद्रा तिला दिसेनासा झाला होता. डोळ्यांपुढे सगळं दुधात बुडवल्यासारखं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रकवर असलेल्या मुलाला, दानियलला नाही, सून प्रिस्किलाला तर नाहीच. पाड्यावरच्या बारा घरांचं बियाणं तिच्या शेतातून जायचं. कुठली लोंबी ठेवायची, कुठली खायला काढायची, हे तीच ठरवायची. डोळे गेले म्हटलं की खाटेवर बसवतील, ऊन सरकेल तशी खाट सरकवतील. एवढंच उरेल.

श्रावण सरत आला होता. हिरीबाईच्या शेतात निंदणीची लाह होती. लाह म्हणजे आज सगळ्यांचे हात माझ्या शेतात, उद्या तुझ्या. सहा बायका वाकलेल्या. दूर विसरवाडीच्या रस्त्यावर ट्रक घरघरत होते. धनुबाईनं वाकल्या वाकल्याच सूर धरला,

*भाताच्या गं मेळ्यामधी सोंगाडं उभं ऱ्हातं,*
*डोळ्याला लावी डोळा, हळूच हसू पाहतं.*

हिरीबाईनं नेहमीसारखी दुसरी ओळ उचलली नाही. कंबर भरून आली होती. आईची आई इथंच वाकायची, तिच्याआधी तिची सासू. त्यांनी जे गवत गवतासारखं दिसलं ते उपटलं. जे थोडंफार भातासारखं होतं ते नजरेतून सुटलं, त्याचं बी चिखलात पडलं. पुढच्या वर्षी ते आणखी थोडं भातासारखं. एकदा आजोबा चिडले आणि जांभळ्या देठाचा भात कुठूनसा घेऊन आले, म्हणाले, आता कसं लपतंय बघतो. आठ-दहा पावसाळे चांगले गेले. मग सोंगाड्याचे देठही जांभळे झाले. जांभळं नव्हतं ते सगळं बायकांनीच तर उपटलं होतं! पलीकडच्या टेकडीवर भात बुटका, तर तिथलं सोंगाडंही बुटकं. खाली जिथं तणाचं औषध फवारतात तिथलं गवत सोंग घेत नाही, ते आपलं राठ, उघडंवाघडं उभं असतं. जितके भात तितकी सोंगं. बायकांच्या डोळ्यांनी गवत घडवलं आणि गवतानं बायकांचे डोळे बारीक केले. दोघांनाही दम खायला मिळाला नाही कधी.

आणि आज एकाचे डोळे थकले होते. दुसरं ताजंच होतं.

तिनं अंगठ्यानं सांधा चाचपला. भेगाळलेल्या कातडीला काही कळेना. जरा उंच वाटलं ते ते ती उपटत गेली आणि शेजारच्या ओळीतल्या प्रिस्किलाच्या ढिगावर टाकत गेली.

दुपारी बायका भाकरीला बांधावर बसल्या. अनुसयाबाईनं ढिगातली एक मूठ उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि तिचा घास तोंडातच राहिला.

"अगं बायांनो, हा भात आहे! निम्मा ढीग भात आहे." तिनं मान वळवली. "काय गं प्रिस्किला, तुझ्या बापाच्या टपरीवर भात नव्हता का कधी?"

"होता की," धनुबाई म्हणाली, "पण शिजलेला."

बायका हसल्या. प्रिस्किला हायवेवरच्या टपरीवर वाढलेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी हे तिच्या मागे होतंच. या पावसाळ्यात पहिल्यांदाच तिला बियाण्याच्या तुकड्यात उतरू दिलं होतं. रोज रात्री ती चुलीशी भाताची एक आणि सोंगाड्याची एक काडी धरून सांधे बघत बसायची, हे फक्त हिरीबाईला ठाऊक होतं.

प्रिस्किलाचं तोंड उतरलं. "मी बघूनच उपटत होते, मावशी. पण... चुकलं असेल माझंच."

"असेल काय, चुकलंच. इथं एक सोंगाडं राहिलं तर पुढच्या वर्षी बारा घरांत नाचेल. उद्यापासून लाहेला येऊ नको तू. घरी भाकरी थाप, ते जमतं तुला."

प्रिस्किलानं सासूकडे पाहिलं. हिरीबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याला लावला. बोलायला तोंड उघडलं आणि त्यात घास घातला. "जाते मग मी, आई," प्रिस्किला म्हणाली. विळा टोपलीत टाकून ती बांधावरून चालू लागली. तिच्या लुगड्याचा लाल रंग हिरीबाईला थोडा वेळ दिसला, मग तोही हिरव्यात विरघळला.

बायका पुन्हा ओळींना लागल्या. हिरीबाई वाकली. हातात एक देठ आला. भात की गवत? तिनं तो सोडला, दुसरा धरला. तोही तसाच. असं आज, उद्या, मग मळणीपर्यंत. एक खोटं रेटून न्यायला एवढी कंबर उरली नव्हती तिच्यात. ती सरळ उभी राहिली. इतका वेळ उभी राहिली की अनुसयाबाईनं हटकलं.

"काय झालं गं हिरे? विंचू-बिंचू?"

"विंचू नाही. प्रिस्किलाला हाक मार, माझा आवाज पोचायचा नाही."

"कशाला आता? चुकली ती."

"ती नाही चुकली. तो भात मी उपटला, अनुसया. तिच्या ढिगावर टाकला आणि मुकाट्यानं जेवले. गेल्या वर्षापासून मला सांधा दिसत नाही गं. काहीच दिसत नाही."