अठरा दानशूर

“नंबर बदलला तर कळवा. जमणार नसेल, तर आत्ताच नाव देऊ नका,” नोंदणीला आलेल्या परिचारिकेने बजावलं होतं. विमा कचेरीतल्या कारकून बाईने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. अस्थिमज्जा द्यायला तयार असलेल्यांच्या यादीत त्या दिवशी कचेरीतले अठरा जण गेले. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची, सही ठोकायची, प्रमाणपत्र छातीशी धरून दात काढायचे, झाले दानशूर! साहेबांनी तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर टांगला.

पाच वर्षांत बाईचं लग्न झालं, लेक झाली, फोनचा नंबर बदलला. नवा नंबर दूधवाल्यापासून आत्तेसासूपर्यंत सगळ्यांना कळवला. फक्त एक जागा राहिली.

लेक अडीच वर्षांची झाल्यावर बाई लांब रजेवरून परतली. टेबलाच्या खणात पाकीट होतं. तिच्या पेशी एका रुग्णाशी जुळल्या होत्या, फोन लागत नव्हता, तातडीने संपर्क साधायचा होता. तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

ते खणात टाकणारे शेजारच्या टेबलावरचे भाऊ म्हणाले, “लेकुरवाळीला कशाला घोर? मणक्यात सुई खुपसतात म्हणे.” फोटोत भाऊ पहिल्या रांगेत होते.

तिने लगेच फोन लावला. उचलला त्याच परिचारिकेने. मणक्याचं ऐकून ती म्हणाली, “मणक्याला कोणी हात लावत नाही. बहुतेकदा दंडातून रक्त घेऊन पेशी वेगळ्या काढतात, बाकीचं रक्त परत देतात. क्वचित कमरेच्या हाडातून, तेही भूल देऊन. त्या दिवशीही सांगितलं होतं. तुम्ही फोटोसाठी केस सारखे करत होतात.”

“मी आज येते.”

“आता गरज नाही.”

“दुसरं कोणी मिळालं?”

“नाही.”

रुग्णाचं वय विचारायची तिची छाती झाली नाही. पाळणाघरात लेक तिची वाट बघत होती.

आधी तिने नवा नंबर नोंदवला. मग ती चौकट उतरवून टेबलाटेबलाशी गेली. नऊ जणांचे नंबर बदललेले निघाले. ते तिने समोर उभं राहून कळवायला लावले. भाऊंनी नाव काढून घेतलं. पाच वर्षांतलं त्यांचं तेवढंच प्रामाणिक काम!

वाचकहो, काडी फिरवणं म्हणजे दान नव्हे, तो शब्द आहे. पाळायचा नसेल तर देऊ नका. कुणीतरी त्या शब्दावर जगायची आशा धरतं. तुमच्याही घरात असं प्रमाणपत्र मिरवणारं कोणी असेल. त्याला आजच विचारा: तिथे दिलेला नंबर अजून लागतो का?