दोन विती आणि चार बोटं

"वडू नको तम्मा, आधी मला मापू दे," बायजाक्का म्हणाली आणि हातातली बांबूची कामटी तिनं बसच्या पहिल्या पायरीला उभी लावली.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मी या बसचा कंडक्टर. तिचा दंड धरायला मी वाकलोच होतो. खालून कुणीतरी ढकलायचं, वरून मी ओढायचं आणि साठीतली ती बाई भाताच्या पोत्यासारखी आत यायची, हे दर गुरुवारचं ठरलेलं. दिग्गीहून जोयड्याला सकाळची ही एकच बस. रस्ता असा की वेळ गाठताना आमचा जीव जातो, आणि ही बाई पायरी मापत उभी. माझं डोकं लवकर तापतं. रामनगरची माणसं तशीच, असं आमचा ड्रायव्हर वासू म्हणतो.

"आक्का, बस मापाय आलीस का बसाय?"

"दोन विती," ती स्वतःशीच म्हणाली. पिशवीतून विळा काढून तिनं कामटीवर खाच पाडली आणि मग माझ्यापुढं हात केला. "आता वड."

कर्नाटकात बायकांना फुकट असलेलं शून्याचं तिकीट फाडताना मी विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिचा मुलगा लक्ष्मण गोव्यात, फोंड्याला कारखान्यात कामाला. उन्हाळ्यात तो आला, तेव्हा आईला असं ओढून चढवताना त्यानं पाहिलं. जाताना म्हणाला, कार्तिकात येतो, तोवर एकटी बस चढलीस तर राहा इथं. नाहीतर घराला कुलूप लावू आणि तू माझ्याकडं चल.

"त्येचं बी खोटं न्हाई," ती म्हणाली. "फोन लागत न्हाई, रानात एकटी बाई. पर फोंड्याला दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या. माती हाय ती कुंडीत."

तिच्या घरामागं कणगं, कोनफळं, झाडकणगं मिळून अकरा जातींचे कंद होते. कुठला वेल कुणाच्या माहेरहून आला, हे तिला पाठ. हे सगळं तिनं शेजारणीचं गाऱ्हाणं सांगावं तसं सांगितलं. मला मात्र ऐकून कसंतरीच झालं आणि मघाशी आवाज चढवला याची लाज वाटली.

गुरुवारी जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात शिल्पा मॅडम यायच्या, गुडघ्याचे व्यायाम शिकवायच्या. बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. ओट्यावरून हात न टेकता उठायचं. बुटक्या पायरीवर चढायचं, उतरायचं. प्रत्येक गोष्ट दहा वेळा, दिवसातून तीनदा.

बायजाक्कानं काय केलं असेल? जन्मभर भात लावलेली बाई ती. वाफा हातात घेतला की संपवूनच कंबर सरळ करायची. ती पहाटे उठून पायरी एका दमात शंभर वेळा चढली. तीन दिवसांचं काम एका सकाळीच उरकलं म्हणून खूश झाली. दुसऱ्या दिवशी गुडघा कोनफळाएवढा सुजला आणि पुढचे दोन गुरुवार ती बसला आलीच नाही.

तिसऱ्या गुरुवारी आली ती तोंड पाडून. संध्याकाळी परतताना मात्र जरा खुलली होती.

"लई बोलल्या काय मॅडम?" मी विचारलं.

"बोलल्या न्हाईत. म्हणाल्या, ह्ये भात लावणं न्हाई आक्का, एका दिसात उरकत न्हाई. थोडं दुखलं तर चालतंय. पर दात आवळाय लागले की थांबायचं. नि दुसऱ्या सकाळी जास्त ठणकलं तर समजायचं, काल जास्त झालं." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "थांबायचं कसं त्ये मला कुणी शिकवलंच न्हवतं रे."

दिग्गीत बस वळते ती जागा तिच्या घरासमोरच. वीसेक मिनिटं थांबावं लागतं, म्हणून मी आणि वासू तिच्याकडं चहाला जायला लागलो. चहा हे निमित्त. खरं तर मला ते बघायचं असायचं. पावसाळा होता, म्हणून तिनं पडवीतच चपटे दगड रचले होते आणि शेजारी ती कामटी उभी केली होती. एक हात खांबाला. चांगला उजवा पाय आधी वर, मग दुखरा डावा. उतरताना दुखरा आधी. दहा झाले की ती थांबायची. अकरावा नाही म्हणजे नाही. दगडांची उतरंड खाचेच्या निम्म्यावरही आलेली नव्हती.

"आज आनि एक दगड ठेव की," वासू एकदा म्हणाला.

"दोन सकाळी बिनठणक्याच्या गेल्या. तिसरी जाऊ दे, मग बघू."

मला तर दहा मिनिटं रेल्वेच्या फाटकाला थांबवत नाही. त्या बाईनं पाच महिने एकेक दगड असा वाट बघून चढवला. भात कापून घरात आलं तेव्हा दगड खाचेला भिडले होते, आणि ती चढायची ती दात न आवळता, आमच्याशी बोलत.

कार्तिकात लक्ष्मण आला. गुरुवारी सकाळी आम्ही दिग्गीला पोचलो तर तो आईशेजारी उभा. हातात तिच्या कपड्यांची पिशवी, शर्टाच्या खिशात खोक्यातलं नवं कुलूप. त्या घराला आजवर कधी कुलूप लागलेलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच दिवशी आमची नेहमीची बस दुरुस्तीला गेलेली. डेपोनं दुसरी दिली होती. तिची पायरी नेहमीपेक्षा उंच दिसत होती.

बायजाक्कानं कामटी लावली. खाचेच्या वर बोटं ठेवून मोजली.

"चार बोटं जास्त हाय," ती म्हणाली.

लक्ष्मणनं पिशवी खाली ठेवली आणि तिचा दंड धरला. "आई, ऱ्हाऊ दे आता. उगं मोडून घेशील."

मला वाटलं, आता ही इरेला पेटणार आणि गुडघा घालवून बसणार. मी असतो तर तेच केलं असतं. तिनं मुलाचा हात सावकाश सोडवला. वळून पडवीत गेली, वरचा एक दगड काढला आणि पोटाशी धरून घेऊन आली. मी घ्यायला पुढं झालो, तर मानेनंच नको म्हणाली. पायरीखाली दगड ठेवला, पायानं हलवून बघितला. दांडीला हात. उजवा पाय दगडावर, डावा. उजवा पायरीवर. माझा हात सवयीनं पुढं गेला होता, तो मी तिकिटांच्या पिशवीत कोंबला. मग डावा.

वर येऊन ती खिडकीपाशी बसली.

"कपड्याची पिशवी घरात ठेव," तिनं खिडकीतून लक्ष्मणला सांगितलं. "नि दार नुसतं वडून घे. सांजच्याला येतेच मी."

तो पिशवी उचलून घराकडं गेला. कुलूप खिशातच होतं.

तो दगड अजून तिथंच आहे. वासू बस अशी लावतो की दार बरोबर दगडावर येतं. गावातली काशीआज्जी त्यावरून चढते, धाकलूचा म्हातारा बाप चढतो. बस अजून तीच उंच पायरीची आहे. बायजाक्का मात्र शिमग्यापासून दगडावर पाय न ठेवता, बाजूनं थेट पायरीवर चढते.