तानूबाईचे पाच सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. म्हणजे जेवढी उरले आहे तेवढी. लढाईची फिल्म, काळी-पांढरी, चार रिळांची, गाणं एकही नाही. हुबळीतल्या एका वाचनालयाच्या माळ्यावर गंजक्या डब्यात पडून असते. अंगाला आंबूस वास सुटलाय, त्यामुळे कुणी झाकण उघडलंच तर नाक मुरडून लगेच लावतो. रडगाणं म्हणा हवं तर, पण ऐकून घ्या.

माझा जन्म परदेशातला. माझ्यातले नट खोटे, त्यांचं मरणंही खोटं. पण मधेमधे खऱ्या लढाईत टिपलेले तुकडे जोडलेले होते. पलटणीच्या करमणुकीसाठी मी बेळगावच्या छावणीत आले, तिथं झिजले आणि शेवटी मोडीत निघाले. तेव्हा मला आणि एका जुन्या प्रोजेक्टरला भीमरावांनी उचललं. पलटणीत फिल्म दाखवण्याचंच काम केलेला हा माणूस निवृत्त होऊन हुबळीत राहत होता. वस्तीतल्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून ते मला दाखवू लागले. साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

हुबळीच्याच लॅमिंग्टन रोडवरून कॉलेजची पोरंपोरी आली ती टवाळी करायलाच. रंग नाही, नाच नाही, हा कसला सिनेमा! अर्ध्या तासात सगळ्यांची दातखीळ बसली. भीमराव प्रोजेक्टरशेजारी उभे राहून इंग्रजी बोलण्याचा अर्थ मराठीत, मधूनच कन्नडात सांगत. कोण मरणार तेही आधीच सांगून टाकत, तरी पोरांना त्यांचा राग येत नसे. पुढच्या महिन्यात मंडळी दुप्पट झाली. त्यांचा म्होरक्या प्रभंजन, त्याला तर माझं वेडच लागलं. कुठला रणगाडा कुठल्या रिळात येतो ते तोंडपाठ. भीमराव अशाच जुन्या लढाईच्या इतर फिल्मही मागून आणत, पण पोरं फिरून मलाच मागत. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेले होते.

त्याच वर्षी तानूबाई आली. अळणावरजवळच्या खेड्यातली, शेतात राबणारी बाई, भाचीकडे हुबळीला आलेली. माझ्या तिसऱ्या रिळात खंदकाकाठी शिपाई चहा पीत बसलेत. एकजण पाठमोरा, डाव्या हातात पत्र्याचा मग. तो वळतो, सरळ समोर बघतो आणि हसतो. पाच सेकंद, बस्स. तानूबाई ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "हे आमचे आहेत."

तिचा नवरा धोंडिबा बेचाळीस साली पलटणीबरोबर गेला, मागून तार आली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तो डावखुरा होता, पुढचा दात तुटका होता, आणि माझ्यातलाही तसाच होता. तो तोच, अशी शपथ मी घेणार नाही. ज्यांचे चेहरे मी वाहते त्यांची नावं मला कुणी सांगितलीच नाहीत. पण जी बाई बत्तीस वर्षं थांबली, तिला मी कोण विचारणार?

मग दर पहिल्या रविवारी ती अळणावरहून पॅसेंजरनं येऊ लागली. पोरं उठून तिला पुढचं बाकडं देत. तो वळायच्या आधी ती न चुकता डोक्यावरचा पदर सारखा करी. नंतर कन्नडात म्हणे, "अण्णा, इन्नोम्मे," म्हणजे पुन्हा एकदा. भीमराव रीळ मागं घेऊन पुन्हा दाखवत.

आणि इथंच माझं नशीब फुटलं. पोरांचा धोंडिबावर जीव जडला. खोट्या नटांना कोण विचारतो, हा आपल्या मुलखातला खरा शिपाई! भीमरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तसं रिळं गुंडाळायचं काम त्यांनी विश्वासानं प्रभंजनकडे सोपवलं; कॉलेज संपल्यावरही तो हुबळीतच राहिला होता. प्रभंजननं एक चाल पाडली. कॉलेज संपवून जो कुणी निघे, त्याला निरोपाची भेट म्हणून धोंडिबाच्या हसऱ्या चेहऱ्याच्या चार चौकटी कापून द्यायच्या. एका सेकंदात चोवीस चौकटी असतात, चार गेल्या तर कुणाला कळतंय? तो कापी, दोन टोकं नीट चिकटवी आणि डोळे पुसत मित्राला मिठी मारी. कुणी त्या नवनगरला नेल्या, कुणी मुंबईला. लबाड असता तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. तो माझ्यावर प्रेम करत होता.

धोंडिबाचं हसू दरवर्षी आखूड होत गेलं. तानूबाई म्हणे, माझेच डोळे गेले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

पंच्याऐंशी साली एका रविवारी तिनं पदर सारखा केला. धोंडिबा पाठमोरा चहा पीत होता, आणि एकदम रणगाडा आला. भीमरावांनी पुन्हा दाखवलं. पुन्हा रणगाडा.

"अण्णा, आज ते वळलेच नाहीत," तानूबाई म्हणाली.

भीमरावांनी दिवा लावला. मला बोटांत धरून ते चाचपत गेले. जोड, जोड, पुन्हा जोड. ते एवढंच म्हणाले, "प्रभंजन, हे तू केलंस?"

प्रभंजननं पाकिटातून स्वतःच्या चार चौकटी काढल्या आणि तानूबाईच्या हातावर ठेवल्या. इतक्या वर्षांत एक तुकडा तिला द्यावा, हे त्याला किंवा इतर कुणालाही सुचलं नव्हतं. खिडकीवरची घोंगडी सारून तिनं तो तुकडा उजेडात धरला. नखाएवढा चेहरा.

"हे हलत नाहीत की रे," ती म्हणाली. "माझ्याकडं वळून बघायचे ते."

तुकडा त्याला परत देऊन ती स्टेशनकडे निघाली. पुन्हा आली नाही. भीमरावांनी मला डब्यात घातलं, आणि पोरांनीही मग कधी मागितलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर प्रेम जडलं तर खुशाल जडू द्या. पण तिचा तुकडा तोडून खिशात घालू नका. ती जिथं आहे तिथं पुरी राहू द्या, तिच्यासाठी लांबून गाडीनं येणारं कुणीतरी असतं. आज तीसेक घरांत धोंडिबा हसतो आहे. माझ्यापाशी त्याची पाठ तेवढी उरली.