तुरेरावांची होडी आणि माझं जाड पान

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. किती जुनं, ते माझ्या पाठीला विचारा. तिथे आता दोऱ्यापेक्षा चिकटपट्टीच जास्त आहे. नुकताच माझ्यावर एक सिनेमा निघाला, त्यामुळे सध्या माझा भाव वधारलाय. पण मी फुशारकी मारणाऱ्यातला नाही. ते काम माझ्यातल्या कोंबड्याकडे आहे.

त्या कोंबड्याचं नाव तुरेराव. आपण आरवतो म्हणूनच सूर्य उगवतो, अशी त्याची पक्की समजूत. इतक्या वर्षांची ओळख, तर एकदा सूर्याच्या घरी जाऊन भेटून यावं, असं त्याच्या मनात येतं. सूर्याचं घर नदीपलीकडे. मग तुरेराव एका लाकडी होडीत बसून निघतात, आणि शेवटी कासवाच्या पाठीवर बसून पोहोचतात. बस्, एवढीच माझी गोष्ट. पण चित्रं मोठी देखणी आहेत.

माझा जन्म छापखान्यातला. तिथे माझ्या अंगावर एकेक रंग चढत गेला. पिवळा चढला तेव्हा माझ्यात नुसता सूर्यच होता. तांबडा आला आणि कोंबड्याला तुरा फुटला. निळा आल्यावर नदी वाहू लागली. शेवटी काळ्याने सगळ्यांना डोळे दिले, आणि तेव्हा कुठे आम्हाला जग दिसलं.

एका सुताराने मला विकत घेतलं. त्याची मुलगी तेव्हा एवढीशी होती. तिला सगळे बेबी म्हणायचे. अजूनही म्हणतात, ती चष्मा पुसत पुसत ओ देते. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की बाबा तिला मांडीवर घेऊन मला वाचायचा. त्याच्या बाह्यांमधला लाकडाचा भुसा माझ्या पानांत सांडायचा. तुम्ही मला आज झटकलंत तरी थोडा निघेल.

सगळं छान चाललं होतं. फक्त मधलं एक पान आलं की बेबी भोकाड पसरायची. त्या पानावर तुरेरावांची होडी बुडते. बाबा कितीही घाईने पान उलटो, तिचं रडणं त्याच्याही पुढे धावायचं. एकदा तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पुस्तक वाचताय की चिमटे काढताय पोरीला?"

दुसऱ्या दिवशी बाबा मला दुकानात घेऊन गेला. सरस तापवला. सरस म्हणजे सुतारांचा लाकूड जोडायचा गोंद. समोरासमोरच्या त्या दोन पानांच्या कडांना त्याने तो बारीक ब्रशने लावला, पानं मिटवली आणि वर रंधा ठेवला. जोड इतका सफाईदार, की दोन पानांचं एकच जाड पान होऊन गेलं.

रडणं थांबलं, पण प्रश्न सुरू झाले. कारण आता एका चित्रात तुरेराव होडीत, आणि लगेच पुढच्या चित्रात कासवाच्या पाठीवर!

"बाबा, होडी कुठे गेली?"

"होडी ना? दुरुस्तीला टाकलीय."

"कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? आपल्याकडेच! होड्या दुरुस्त करणारं दुसरं आहे कोण इथे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबी दुकानाच्या दारात हजर. कमरेवर हात. "दाखवा."

आता आली का पंचाईत! बाबाने तिला गूळ-शेंगदाणे देऊन बसवलं, गिऱ्हाइकाची खुर्ची बाजूला सारली, आणि उरलेल्या फळीतून एक छोटीशी होडी कोरून दिली. "बघ, अजून रंग ओला आहे. हात लावू नकोस." ती होडी दुकानातल्या फळीवर जाऊन बसली. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं की तुरेरावांची होडी दुरुस्तीला आली आहे.

मग बेबी मोठी झाली. मोठ्या माणसांना चित्रांची पुस्तकं लागत नाहीत, असं त्यांना वाटतं. सुताराच्याच घरातलं टेबल लंगडं असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. बाबा रोज म्हणायचा, "उद्या करतो." तो उद्या काही येईना, म्हणून कुणीतरी मला त्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. पुढची कित्येक वर्षं मी घरादाराचा चहा पाठीवर पेलला. राग नाही आला मला. पण वरून हसण्याचे आवाज यायचे ना, तेव्हा वाटायचं, कुणीतरी मला उघडावं.

उघडलं ते टिंगीने. टिंगी म्हणजे बेबीची मुलगी. रांगता रांगता तिने मला ओढून काढलं, आणि टेबलावरचा चहा सांडला. बाबाचे आता आजोबा झाले होते. त्यांनी मला पुसलं, पाठीला पट्टी लावली आणि वाचायला सुरुवात केली. जाड पान आलं की तेच उत्तर: होडी दुरुस्तीला! टिंगी दर सुट्टीला दुकानात जाऊन होडीची विचारपूस करायची. "अजून झाली नाही?" "नाही गं. लाकूड फार नाजूक आहे."

आणि मग सिनेमा आला. टिंगी, बेबी, आजोबा असे तिघं निघाले. टिंगीने मलाही पिशवीत घातलं. "त्याचाच सिनेमा आहे, त्याला नको का दाखवायला?" अंधार झाल्यावर तिने मला मांडीवर उभं धरलं.

खरं सांगू? मला तर आवडला. माझ्यातली नदी तिथे खरोखर वाहत होती. तुरेराव गात होते, नाचत होते. त्यांना एक सासूसुद्धा मिळाली होती. माझ्यात ती नाही, पण सिनेमाला दीड तास भरायचा असतो, चालायचंच. मी मजेत बघत होतो. एवढ्यात वादळ आलं, ढोल घुमले, पडदा काळाकुट्ट झाला आणि होडी बुडाली.

टिंगी खुर्चीवर उभी राहिली. "बुडाली नाहीये! ती आमच्या आजोबांच्या दुकानात आहे!"

सगळं थिएटर हसलं. टिंगी हसली नाही. पुढचा सिनेमा तिने माझ्या आडून, एका डोळ्याने पाहिला.

लहानपणीचं ते रडणं बेबी केव्हाच विसरली होती. बाहेर आल्यावर तिने दारावरच्या माणसालाच धरलं. "पुस्तकात असं काही नाहीये हो! लहानपणापासून पाठ आहे मला. होडी बुडते हे तुमच्या पदरचं!"

"बाई, मी फक्त तिकिटं फाडतो," तो म्हणाला.

आजोबा मात्र दाराच्या बिजागऱ्या न्याहाळण्यात दंग होते.

घरी येताच टिंगीने मला टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतले. "मला हे नको. होडी बुडणारं पुस्तक नको मला."

मित्रांनो, टेबलाखाली इतकी वर्षं काढली, पण इतकं जड तेव्हाही वाटलं नव्हतं.

"अगं, पुस्तकात नाही बुडत! थांब, दाखवतेच," म्हणत बेबीने मला उघडलं. जाड पानावर तिचं बोट थांबलं. तिने ते चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं. "बाबा, हे पान इतकं जाड कसं?"

आजोबांनी घसा साफ केला. "तू फार रडायचीस गं."

"म्हणून चिकटवलंत?"

"मोठी झालीस की उघडू म्हटलं होतं. मग तू मोठी झालीस, आणि राहूनच गेलं."

"चाळिशी उलटली माझी, बाबा!"

"हो ना. पण मघाशी थिएटरात रुमाल कुणी भिजवला?"

बेबी हसणार होती, तेवढ्यात टिंगी ओरडली, "उघडू नका! उघडलं की होडी खरंच बुडेल!"

कुणी हसलं नाही. आजोबा तिच्यासमोर खाली बसले. "चिकटवताना मी कुणालाच विचारलं नव्हतं. उघडताना तुला विचारतो. तू नाही म्हणालीस तर राहू दे तसंच."

टिंगीने रात्रभर विचार केला असावा. सकाळी ती मला काखेत मारून आली. "उघडा. पण हात धरा माझा."

दुकानात आजोबांनी किटलीत पाणी उकळलं. "म्हणून सरस बरा," ते म्हणाले. "वाफ दिली की सोडतो. आज जोडलेली खुर्ची उद्या खोलता आली पाहिजे." एका हातात टिंगीचा हात असल्यामुळे मला बेबीने धरलं. कडांना ऊब लागली, पातळ पट्टी आत सरकली, आणि माझं पान उघडलं.

काय सांगू! बाकीची पानं उन्हाने, हातांनी फिकी पडलेली. हे मात्र कालच छापल्यासारखं निळंशार. होडीचं फक्त टोक पाण्यावर. तुरेराव खडकावर, चोच मिटून, एकटे. टिंगीचा ओठ थरथरला. बेबीचाही. टिंगीने एक डोळा मिटला, दुसऱ्याने चित्र कडेकडेने तपासलं.

"हे काय आहे?"

कोपऱ्यात, लव्हाळ्यांच्या आड, पाण्यावर दोन बारीक डोळे होते.

"कासव! आजोबा, कासव आधीच आलंय! तुरेरावांना माहीतच नाहीये!"

बेबी वाकली. चष्मा वर केला, खाली केला. "मला कधी दिसलंच नाही."

"तू डोळे मिटून रडायचीस," आजोबा म्हणाले. "आणि मी पान उलटायच्या घाईत."

"सिनेमावाल्यांनाही दिसलं नाही वाटतं," टिंगी म्हणाली. मग तिने फळीकडे बोट दाखवलं. आजोबांनी लाकडी होडी काढून तिच्या हातात दिली. तिने रंग सुकल्याची खात्री केली. "ही परतीची होडी. जाताना कासव, येताना ही."

अशी माझी गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण झाली, मित्रांनो. तुम्ही सिनेमा जरूर बघा, माझ्यासाठी दोन टाळ्या जास्त वाजवा. पण घरी येऊन आपलं जुनं पुस्तकही उघडा. फाटलं तर चिकटवा, पण पाठीला, पानांना नको. आणि रडवणारं पान आलं तर खुशाल रडा, फक्त पान उलटण्याआधी एकदा कोपऱ्यात बघून घ्या.

हो, टेबल अजून लंगडंच आहे. आजोबा उद्या करणार आहेत. तोवर त्याच्या पायाखाली सिनेमाची जाहिरात घडी करून ठेवलीय.