डुक्कर फियाटचं शिसं

दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला. जानेवारीत नऊ होते, एप्रिलमध्ये बारा.

तेजलने मोबाईलवर तो आकडा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. बारा ते बाराच. दीड वर्षाच्या स्वराजच्या रक्तातलं शिसं. पाचाच्या आत हवं, असं डॉक्टरांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं.

"औषधाची वेळ आलेली नाही," ते या खेपेला म्हणाले, "पण कुठून येतंय ते शोधा. ते बंद झाल्याशिवाय आकडा उतरायचा नाही."

जानेवारीत शोधावं लागलंच नव्हतं. उत्तर अंगणात ताडपत्रीखाली उभं होतं. सिडकोतल्या त्यांच्या रो-हाऊसचं सगळं अंगण व्यापून बसलेली एकोणीसशे छप्पन सालची डुक्कर फियाट. गोल पाठ, फुगीर नाक, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. तेजलचा नवरा रवी अंबडला एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. आठवडाभर दुसऱ्यांचे साचे घासायचा आणि रविवारी या डुकरिणीची सेवा करायचा. चार वर्षं झाली. मालेगावच्या भंगारातून तिचे दिवे आणले तेव्हा गडी दोन दिवस नुसता हसत होता.

हल्ली पत्र्याचा पोचा भरायला सगळे लांबी, म्हणजे तयार पुट्टी लावतात, दोन तासांत काम. जुन्या गाड्यांचं वेड लागलेल्यांना मात्र ते कमीपणाचं वाटतं. त्यांना जुन्या पद्धतीनेच हवं. शिसं आणि कथील वितळवून पत्र्यावर चढवायचं, लोण्यासारखं मऊ आहे तोवर सुती कापडाने पुसत सपाट करायचं, मग कानस मारायची. हे काम नाशकात एकटे सलाउद्दीन चाचाच जाणतात, असं रवी छातीठोकपणे सांगायचा. ते दर रविवारी वडाळा नाक्यावरून यायचे आणि अंगणातच भट्टी पेटवायचे.

तेवढ्यात स्वराज जेवेनासा झाला. चिडचिड, पोट धरून रडणं. घरचे म्हणाले, दात येताहेत. तेजलने बी.एस्सी. केमिस्ट्रीतून केलेलं, तिला दातांचं पटेना. हट्टाने तपासणी करवली, आणि नऊ आले.

रवीने वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी गाडी ओढून चाचांच्या शेडमध्ये नेली. अंगण तीनदा धुतलं. रविवारी तिकडून आला की मागच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हता. आणि तरी बारा.

मग तेजलची झोप उडाली ती उडालीच. हळद बदलली, काजळाची डबी फेकली, रंगीत खेळणी पोत्यात भरून बांधली. भिंतीचा पोपडा नखाने उकरून पाहिला. स्वराज दुडुदुडू कुठे जातो, काय उचलतो, कुठे जीभ लावतो, यावरून तिची नजर हलेना.

"आता मलाही पाठव तपासायला," तिची सासू सुलाबाई एकदा म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला मी राखेने घासलेल्या ताटात वाढवलाय. त्याच्या रक्तात काय होतं ते कोणी विचारायला आलं नाही."

"तेव्हा विचारायला हवं होतं, आई," तेजल म्हणाली. सुलाबाईने तोंड फिरवलं, पण हसली.

रवीने मात्र आपणहून विषय काढला. "विकतो गाडी. निफाडचे मल्हारीकाका आहेत, द्राक्षवाले. त्यांचा डोळा आहे तिच्यावर. रविवारी येतील."

तेजलने नको म्हटलं नाही. शेवटी रविवारपाठी रविवार तीच गाडी नवऱ्याला शिशात बुडवत होती. तरी रात्रभर तिला वाटत राहिलं, काहीतरी जुळत नाही. गाडी तीन महिने इथे नाहीच. आकडा वाढला कसा?

रविवारी रवी सकाळीच गेला. तेजलने स्वराजला पेज भरवली आणि कपाटातल्या चळतीवरचं एक दुपटं ओढून त्याचं तोंड पुसलं. त्याने रोजच्यासारखं त्याचं टोक पकडलं आणि हिरडीखाली धरून चघळायला लागला. ते सोडवताना टोक तिच्या बोटांना कडक लागलं. खिडकीशी नेलं. निळीच्या निळसर झाकेखाली बारीक चकाकणारे ठिपके होते. तिने नख मारलं. नखात करडी पूड आली.

मोरीत सुलाबाई निळीच्या पाण्यात आणखी दुपटी बुडवत होती. शेजारी रवीची शेडवर न्यायची पिशवी पडली होती, आज गाडी नुसती दाखवायची म्हणून घरीच राहिलेली.

"आई, ही कुठली?"

"कुठली म्हणजे? बाळाचीच. तूच नाही का दिलीस रवीला, जुनी झाली म्हणून? सलाउद्दीनला पुसायला सुती कापड हवं होतं."

दिली होती. गाडी शेडमध्ये गेली त्याच आठवड्यात, तिनेच, स्वतःच्या हाताने.

"मग परत कशी आली?"

"काम झालं की तोच पाठवतो, घडी घालून. चांगला माणूस आहे. म्हणतो, लेकराच्या अंगावरचं कापड गॅरेजात लोळू देणार नाही." सुलाबाईने एक पिळलं. "आणि मी तरी कशी टाकू? आपण दृष्टबिष्ट काही मानत नाही, पण बाळाचं कापड कोणी उकिरड्यावर टाकत नाही. दोन पाण्यांतून काढते, नीळ घालते आणि ठेवते चळतीत. पुढच्या रविवारी रवी त्यातलीच नेतो."

तेजल मोरीच्या कठड्यावर बसली. हळद, काजळ, भिंती. आणि दिवसातून तीनदा तोंड पुसणारा हात तिचा.

"आई, शिसं त्या कापडांत आहे."

सुलाबाईचा हात निळीतच राहिला. "मी धुतलं होतं गं," ती म्हणाली.

"माहितीये. आणि मी त्यानेच पुसत होते."

मग तेजलने सासूला साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायला लावले, लुगडं बदलायला लावलं आणि स्वराजला तिच्याच मांडीवर दिलं. आज शेजारणीकडे दिला असता, तर म्हातारीने मूल पुन्हा कधी उचललं नसतं.

रवी फोन उचलेना. तेजलने सगळी चळत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली आणि स्कूटर काढली. द्वारकेच्या चौकात सिग्नल सुटेपर्यंत तिने चारदा गाठ तपासली.

शेडमध्ये मल्हारीकाका गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. "या वहिनी. लय नाजूक आवाज हाय हिचा. आमच्या ट्रॅक्टरला लाजवंल."

रवी दाराला टेकून उभा होता. तिला बघताच ताठ झाला. "स्वराज?"

"बरा आहे. हे बघ." तिने पिशवी पुढे केली आणि सगळं सांगितलं, सुलाबाईचं, स्वतःचं, काही न वगळता.

रवीने पिशवी घेतली नाही. "म्हणजे दर रविवारी मीच घेऊन येत होतो," तो म्हणाला. "मी अंघोळ करत होतो आणि पिशवी घरात जात होती."

"गाडी ठेव नाहीतर दे, ते तू ठरव. पण स्वराजचं नाव पुढे करून देऊ नकोस."

मल्हारीकाका खाली उतरले. "मग देताय का नाय?"

रवीने टपावरून हात फिरवला, मग तो हात बघितला आणि खाली घेतला. "आज नाही, काका. माफ करा. शब्द दिला होता, मोडतोय."

"मोडा. पोराचं बघा आधी," काका म्हणाले, आणि जाता जाता हॉर्नकडे एकदा बघून घेतलं.

सलाउद्दीन चाचा भट्टीजवळच्या स्टुलावर बसले होते. "बेटी, मी तर इज्जतीने पाठवत होतो," ते म्हणाले. "बच्चे का कपडा म्हणून."

"तुमची चूक नाही म्हणत मी, चाचा." तेजलची नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली. बाह्यांवर करडी झाक, खिशाच्या शिवणीत चकाकती पूड. तिला राहवलं नाही. "तुमचे कपडे कोण धुतं?"

"रोशनबी. घरीच, सगळ्यांचे एकत्र."

"घरात लहान कोण आहे?"

"इन्शा. नात माझी. अडीच वर्षांची." ते कौतुकाने सांगायला लागले, "मी घरात शिरलो की सगळ्यात आधी माझ्या अंगावर..." आणि थांबले. त्यांनी आपल्या बाह्यांकडे पाहिलं.

"जेवते नीट?" तेजलने विचारलं.

"नाही. पोट दुखतं म्हणते. आम्ही म्हणतो, लाडावलीय."

भट्टी रवीने विझवली. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

"उद्या नऊ वाजता मी तुमच्या घरी येते," तेजल म्हणाली. "तिला उपाशी ठेवायला नको. नुसतं थोडं रक्त काढतात. रडेल थोडी."

चाचा उठले, पुन्हा बसले. "बारा म्हणजे फार असतं का, बेटी?"

"इन्शाचं आधी बघू," ती म्हणाली. "आणि चाचा, आज घरी जाताना हा सदरा घालून जाऊ नका."